शेळी कुणासाठी

ता. ६ नोव्हेंबर १९३२, रविवार
ह्यांचा खोकला दसऱ्याच्या आधीपासूनचा. संध्याकाळी अंग कोमट लागतं. आज गिरणीला सुट्टी म्हणून वैद्यांकडे नेलं. त्यांनी नाडी बघितली, पाठीला कान लावला, मग ह्यांना म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा." मला आत थांबवलं.
क्षयाची सुरुवात असेल म्हणाले, नसेलही. हा शब्द एकदाच लिहिते, पुढे नुसतं क्ष. पुड्या दिल्यात. पण खरं औषध म्हणे शेळीचं दूध, दोन्ही वेळ, ताजं, धार काढल्याबरोबर. गवळ्याचं चालायचं नाही.
नसेलही म्हणतात आणि महिन्याच्या पुड्या बांधून देतात.
वाटेत ह्यांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "छातीत कफ साठलाय." ह्यांनी पुढं काही विचारलं नाही. कळलं असेल का...

ता. ७, सोमवार
कुणाला सांगायचं नाही. चाळीच्या शेवटच्या खोलीतल्या बिऱ्हाडाचं काय झालं ते डोळ्यांनी पाहिलंय. त्या माणसाला रक्त पडल्याचं नुसतं कानावर आलं, तर मालकाने भांडीकुंडी रस्त्यावर ठेवली. गिरणीत माणसं घेणाऱ्या-काढणाऱ्या जॉबरने त्याचं नाव कमी केलं. खोलीला दोनदा चुना मारला तरी अजून कुणी राहायला येत नाही.
आणि दारात शेळी बांधली की चाळ पहिलं विचारणार, कुणासाठी? शेळीचं दूध कोणत्या दुखण्यावर देतात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.
ठरवलं, आमच्या पोरीसाठी म्हणायचं, सोनीसाठी. सोनीला कडकी आहे, अंगात उष्णता मुरून पोर वाळतेय. सोनी पाच वर्षांची, दीड भाकरी खाते.
आत्याबाईंनाही हेच सांगितलं. सासू झाल्या तरी ह्यांच्या आई आहेत, त्यांचा जीव घाबरा करून काय मिळणार. त्या सोनीकडे बघत बसल्या. "कडकी? हिला?" एवढंच म्हणाल्या. मग सुपारी कातरायला लागल्या.

ता. ८, मंगळवार
बाजार. आत्याबाई गावाकडं शेळ्या राखलेल्या, त्यांना आणि सोनीला घेऊन गेले. भाऊबीजेचे पैसे बाजूला होते ते कनवटीला.
पहिली शेळी दिसायला झकास, कास टरारलेली. आत्याबाईंनी हात लावला तर शेळी कळवळून ओरडली. कालपासून पिळलीच नव्हती, नुसती तुंबवून आणलेली. दुसरीच्या मागं दोन करडं. त्यातल्या एकाला ती ढुशी मारून हाकलत होती. म्हणजे ते दुसऱ्या कुणाचं, गिऱ्हाइकाला दाखवायला बांधलेलं. बाजारात खरं बोलणारं एक जनावर तेवढं, माणूस नाही.
तिसरी काळी, कपाळावर पांढरा ठिपका, एक पाठ, मादी करडू, मागं. मालक मोगलाईतला, निजामाच्या मुलखातला, भिवा नाव. सहा रुपये म्हणाला आणि सहालाच देतो म्हणाला. इतकी स्वस्त का?
"चारा न्हाय बाई आमच्याकडं. माघारी न्यायची म्हंजी येवढी वाट तिला चालवायची. त्यापरीस तुमाला देतो की."
आत्याबाईंनी तिथंच धार काढायला लावली. दूध पातळ नव्हतं, वासही नव्हता. सड सारखे. दात बघितले, दुसऱ्या वेताची असावी. खोट सापडत नव्हती म्हणून मला जास्तच भीती वाटत होती.
पैसे मोजताना भिवा म्हणाला, "घरात कुनी आजारी हाय का?"
"पोरीला कडकी आहे."
त्याने सोनीकडे पाहिलं. सोनी गूळ-शेंगदाणे खात होती, दोन्ही गाल भरलेले. "व्हय व्हय," म्हणाला आणि दावं माझ्या हातात दिलं.

ता. ९, बुधवार
मागच्या परसात खुंटी ठोकली. परस साऱ्या चाळीचं, पण खुंटी आमच्या दाराला लागून. सोनीने नाव ठेवलं, चंद्री.
पहिली बघायला आली ती नीलव्वा, शेजारच्या खोलीतली. अक्कलकोटाकडची. नवरा बसप्पा ह्यांच्याच गिरणीत, ह्यांच्याच खात्यात. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली, मूलबाळ नाही. कमरेवर हात ठेवून उभी.
"शेळी आणली की वो अक्का. यारिगे? कुणाला दूध?"
"सोनीला. कडकी आहे."
"हां," म्हणाली. गेली नाही. धार काढून होईपर्यंत उभी. मग दूध घरात नेलं तशी मानही आमच्या दाराकडे वळवली.
म्हणून आता रोज सोनीला उंबऱ्यावर बसवून वाटीभर दूध सगळ्यांदेखत पाजायचं. ह्यांच्या तोंडचं तेवढं कमी होतं, पण इलाज नाही. सोनीला दूध आवडत नाही. तोंड वाकडं करून पिते. बरंच आहे, आजारी दिसते.

ता. १३, रविवार
पहाटे ह्यांना ढास लागते. गोधडीत तोंड खुपसतात. भिंत एकविटेची, पलीकडे नीलव्वा. म्हणून ढास लागली की मी जात्यावर बसते. जात्याच्या घरघरीत खोकला बुडतो. आत्याबाई म्हणतात, पीठ उरतंय, दळतेस कशाला.
नीलव्वासुद्धा हल्ली पहाटे दळते. दोघंच माणसं, एवढं पीठ करते काय? भाकऱ्या करून गिरणीच्या दारात विकत असेल. बोलत नाही मात्र.

ता. १७, गुरुवार
दूध कमी. आल्या दिवशी सकाळी तांब्या काठापर्यंत भरला होता. आज जेमतेम निम्मा. संध्याकाळी ठीक असतं.
आत्याबाई म्हणाल्या, पाठ रात्री सुटत असंल. मी स्वतः टोपल्याखाली कोंडते, वर दगड ठेवते. दगड जागच्या जागी.

ता. १८, शुक्रवार
पुन्हा निम्मा. गवळी सकाळी परसातून डोकावून गेला. त्याचा रतीब बंद केला तेव्हापासून बघणं बरोबर नाही त्याचं. "शेळ्या आठ दिवस भरभरून देतात, मग दाखवतात रंग," म्हणाला. हसत होता. त्याने काही खायला घातलं असेल?
चंद्रीच्या गळ्यात काळा दोरा बांधला. माझा विश्वास नाही, पण बांधला.

ता. २२, मंगळवार
बाजारात गेले होते, भिवा नव्हता. वाटलंच. विकायच्या आधी पाच-सहा दिवस सरकी चारून कास फुगवली आणि सहा रुपये घेऊन पळाला. स्वस्त ते का, आता कळलं.
ह्यांनी विचारलं, "एवढी का चिडलीस? सोनीला तर नाहीतरी आवडत नाही." माझ्याकडे बघत म्हणाले. मी चूल फुंकत बसले.
ह्यांना सगळं कळलंय बहुतेक.

ता. २९, मंगळवार
भिवा भेटला. पळाला नाही, उलट त्यानेच हाक मारली. मी चार लोकांत फैलावर घेतलं. तो निवांत ऐकत होता.
"बाई, माझ्याकडं दोनी वक्ताला सारकं द्यायची. तुमच्याकडं सांजला देती आन सकाळी देत न्हाय म्हंता. मग जनावराचं काय चुकलं? रातच्याला कुनीतरी पितंय."
"आमच्या घरात चोर नाहीत."
"घरात म्हनलंच न्हाय मी."
रागाने तशीच निघाले. चोर तो चोर आणि वर... पण सकाळचंच कमी का, हे मला आजपर्यंत सुचलं नव्हतं.

ता. ३० नोव्हेंबर, बुधवार
पहाटे भोंग्याच्या आधी मी नळावर असते. रांग मोठी. तेवढा वेळ परसात कुणी नसतं. आत्याबाई आंघोळीला बसलेल्या, हे निजलेले.
आज घागर रांगेत ठेवली, मागच्या बाईला बघायला सांगितली आणि परत आले. बोळातून, चपला हातात घेऊन.
नीलव्वा. चंद्रीच्या कासेला बसलेली, गुडघ्यात तांब्या. चंद्री शांत. मला ती लाथ मारते आणि हिच्यापुढे रवंथ करत उभी. नीलव्वा हलक्या आवाजात कानडीत तिच्याशी काहीतरी बोलत होती.
मी बोळाच्या तोंडाशी उभी. हाक मारली असती तर चाळ गोळा झाली असती. केस धरून ओढायला हात शिवशिवत होते. पण तिने उलटून तोच प्रश्न विचारला असता तर? यारिगे? पाच वर्षांच्या धडधाकट पोरीसाठी एवढी मारामारी?
तशीच मागं फिरले. घागर भरून आणली. निम्मा तांब्या दूध ह्यांना दिलं.

ता. १ डिसेंबर, गुरुवार
रात्री चंद्रीला खोलीतच बांधली. लेंड्यांचा वास, आत्याबाईंची कुरकुर. सकाळी तांब्या काठोकाठ.
नीलव्वाने परसाचं दार उघडलं, रिकामी खुंटी पाहिली आणि दार लावून घेतलं. मी खिडकीतून बघत होते. असा आनंद मला कधी झाला नव्हता, लिहायला लाज वाटते पण झाला.

ता. ४, रविवार
तिला दूध कशाला लागतं? विकते म्हणावं तर तांब्याभर दुधाचे काय येणार. चहाला म्हणावं तर तिच्याकडे चहा होत नाही. मूल नाही. चोरीची सवय म्हणावं तर चार वर्षं शेजारी राहते, माझी वाळत घातलेली लुगडी पाऊस आला की तीच घडी करून ठेवते.
बसप्पा बऱ्याच दिवसांत ओट्यावर दिसला नाही. पूर्वी गिरणी सुटली की तिथं बसून पोरांना भुताच्या गोष्टी सांगायचा. आज येताना दिसला. गळ्याला फडकं, खांदे वर आलेले. मला बघून लगबगीने आत गेला.
रात्री हे झोपले होते, गाढ. मी जागी होते. खोकला ऐकू आला. भिंतीपलीकडून. मग जात्याची घरघर. एवढ्या रात्री.
म्हणजे इतके दिवस मी जो खोकला झाकत होते, त्यातला कितीतरी पलीकडचा...

ता. ५, सोमवार
ह्यांना विचारलं, बसप्पाला बरं नाही का. हे मुंडासं बांधत होते.
"बरा आहे की."
"खोकतो."
"आमच्या खात्यात कोण खोकत नाही? कापूस पिंजताना आत धुकं पडल्यासारखं असतं. बाहेर आलं की पहिलं सगळे ओकल्यासारखे खोकतात." मग म्हणाले, "तू वैद्यांना हे सांगितलं होतंस?"
नव्हतं सांगितलं. त्यांनी विचारलंही नव्हतं.
मग हे क्ष की धूळ? कुणाला विचारायचं? गिरणीच्या डॉक्टरला विचारलं की संध्याकाळपर्यंत जॉबरला कळणार.

ता. ९, शुक्रवार
घरमालक आला होता. भाड्याची तारीख नव्हे. म्हणाला, तक्रार आहे, ह्या दोन खोल्यांत कुणी रात्रभर खोकतं. कुणी सांगितलं ते बोलला नाही. गवळी? की रांगेतली ती बाई?
आधी नीलव्वाच्या दारात गेला. मी आतून दाराला कान लावला. मनात म्हटलं, आता हिला बरी संधी आहे. खुंटी मी रिकामी केली, ही आता माझी खोली रिकामी करणार.
"शेजारी कोण खोकतं?"
"त्यांची म्हातारी की वो. दमा हाय तिला. थंडीचा लई त्रास."
"आणि शेळी?"
"पोरीला कडकी. मी रोज बघते, वाटीनं पिती पोर."
नंतर मालक माझ्या दारात. "बसप्पाची तब्येत कशी आहे?" मी म्हटलं, "चांगली आहे. परवाच कोळशाचं पोतं उचलून आणलं त्यांनी." एवढं सफाईने खोटं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.
मालक दोन्ही दारांकडे बघत उभा राहिला. "पुढल्या महिन्यात पुन्हा येतो," म्हणाला.
आत्याबाई आतून म्हणाल्या, "मला दमा कधी झाला?" थोड्या वेळाने मोठ्याने खोकून बघितलं त्यांनी, एकदा, मग दुसऱ्यांदा. त्यांना केव्हापासून माहीत आहे कोण जाणे.

ता. १०, शनिवार
का वाचवलं तिने? उपकार म्हणून? की मी तिचं बोलू नये म्हणून? माझं तरी काय वेगळं.
चंद्रीला पुन्हा बाहेर बांधली.

ता. ११, रविवार
सकाळी खुंटीजवळ शेवरीच्या पाल्याचा भारा. एवढा पाला आणायचा म्हणजे नीलव्वा उजाडायच्या आत गावाबाहेर जाऊन आली असणार. दुधाला हात लावलेला नाही. तांब्या भरला.
पाला चंद्रीला घालण्याआधी एकेक डहाळी हुंगून बघितली. असला स्वभाव झालाय माझा.

ता. १२, सोमवार
आज धार काढायला बसले तेव्हा नीलव्वा तिच्या उंबऱ्यात उभी होती. रडली नाही, पाया पडली नाही. पडली असती तर मी उठून गेले असते.
मी म्हटलं, "तांब्या आण तुझा."
ती हलली नाही. म्हणाली, "यारिगे म्हणून विचारणार न्हाय?"
"नाही."
"मी पण विचारत न्हाय अक्का. सोनीला, म्हाईत हाय मला."
"हो. सोनीला."
"मग माझ्या पण सोनीलाच," म्हणाली आणि तांब्या घेऊन आली.
सकाळचं निम्मं तिला. पाला तिने आणायचा, सरकी मी. एवढंच बोलणं झालं. तिला धार चांगली काढता येते, चंद्री तिला जास्त देते. उद्यापासून तीच काढेल, पण मी समोर बसणार.

ता. १९, सोमवार
समोर बसते रोज. आधी कोणाचा तांब्या, कोणाच्या तांब्यात फेस जास्त, हे बघत. तिला कळतं. आज तिने दोन्ही तांबे माझ्यापुढे धरले. "तुमीच घ्या, कुठला पायजे तो." मी जवळचा घेतला. घरी येऊन वाटलं, दुसरा जास्त होता का.
वैद्यांनी दोन्ही वेळ पोटभर सांगितलं होतं. ह्यांच्या तोंडचं औषध मी वाटून टाकतेय. उद्या काही कमीजास्त झालं तर?

ता. २७, मंगळवार
ह्यांचं अंग चार-पाच दिवस संध्याकाळी गरम लागलं नाही. पुन्हापुन्हा हात लावते म्हणून चिडले. वैद्यांकडे जाऊन खात्यातल्या धुळीचं सांगितलं. ते म्हणाले, "असू शकेल. दूध चालू ठेवा." पुन्हा महिन्याच्या पुड्या.
सोनी आता खरंच दूध मागते. उंबऱ्यावर बसून मोठ्या ऐटीत पिते. नीलव्वाने तिला चंद्रीच्या करडाला हाताळायला शिकवलं. दिवसभर तिच्याकडेच असते.

ता. ५ जानेवारी १९३३, गुरुवार
बसप्पा आज गिरणीत गेला नाही. नीलव्वाने जॉबरकडे निरोप पाठवला, पाय मुरगळलाय. ह्यांनीही तसंच सांगितलं.
"पाय?" मी विचारलं.
"पाय," हे म्हणाले.

ता. ९, सोमवार
सकाळी धार काढून झाल्यावर नीलव्वा गेली नाही. परसाचं दार आतून लावलं आणि पदराखालून फडकं काढलं.
"पान खाल्लं म्हणतो. बघा की अक्का. पानच हाय ना?"
लाल डाग, कडेला तपकिरी. बसप्पाला मी पान खाताना कधी पाहिलेलं नाही. फडकं हातात घेतलं नाही, तिने धरलं तसंच वाकून पाहिलं. काताचा वास येत नव्हता. चुन्याचाही नाही.
ती माझ्या तोंडाकडे बघत होती.
"पानच आहे," मी म्हटलं.
तिने फडकं घडी करून पुन्हा पदराखाली घेतलं. तिचा तांब्या मी गळ्यापर्यंत भरला, आमचा कमी. आज कोणतं जास्त ते बघायची गरज नव्हती.
घरात आले, ह्यांचे सगळे पंचे, रुमाल, धोतराचे सोगे उजेडात धरून पाहिले. काही नाही. आज काही नाही.

ता. १०, मंगळवार
मालक येणार आहे, कधी ते माहीत नाही. आला आणि बसप्पाचं विचारलं तर पुन्हा कोळशाचं पोतं सांगणार का मी? सांगितलं तर चाळीतली पोरं तिथंच खेळत राहणार. नाही सांगितलं तर तिची भांडी रस्त्यावर येतील, आणि मग ती आमचं सांगेल. सांगेल का? तिने आजवर सांगितलेलं नाही. पण आजवर तिला सांगायची पाळी आली नव्हती.
हे बरे आहेत. आज शिळी भाकर मागून खाल्ली.
आत्ता दुपार. नीलव्वा आत बसप्पाजवळ आहे. सोनी त्यांच्या उंबऱ्यावर बसलीय, हातात नीलव्वाने भरून दिलेली वाटी. कोणत्या वाटीतून पितेय ती, बसप्पाच्या की आपल्या, इथून दिसत नाही. हाक मारायला दोनदा तोंड उघडलं. हाक ऐकली की नीलव्वाला कळेल, मी का बोलावतेय ते. आत्याबाई जात्याशी बसून माझ्याकडे बघतायत.
सोनी आणखी मागतेय...